येळवशीचा आहेर

भज्जी घोटताना प्रेमाबाई कुणाशी वाद घालत नसत. हात थांबला की बेसनाच्या गाठी होतात, आणि गाठी झालेली भज्जी येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात गेली की भावकीतल्या बायका पुढच्या येळवशीपर्यंत तेच उगाळत बसतात. माणिकप्पांना हे पुरतं ठाऊक होतं. संसाराची एवढी वर्षं उगीच नव्हती काढली. त्यांनी नेमकी तीच वेळ साधली आणि चुलीपासून जरा लांबच उभं राहून सांगून टाकलं.

"बलभीमरावांना बोलिवलंय शेतात. दुपारच्या जेवणाला येत्यात."

प्रेमाबाईंचा हात चालूच राहिला. "बरं केलं. येळवशीला कुणी बी यावं. शिवानंदला इचारलं का?"

"त्याला काय इचारायचं? त्याच्या शाळेचा अध्यक्ष आपल्या कोपीवर जेवायला येतोय, आनंदच व्हईल की."

"जेवणाचं न्हाय म्हणत म्या. जागेचं इचारते."

माणिकप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. एसटीत कंडक्टर असताना सुट्ट्या पैशांवरून कुणी हुज्जत घातली की ते असंच करायचे. "म्या व्हय म्हणून सांगितलं त्यांना. फोनवर. पोरगं तयार हाय म्हणलं."

आता मात्र प्रेमाबाईंचा हात थांबायला आला होता. त्यांनी तो थांबू दिला नाही. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि तूर, वाटाणा, हरभरा सगळं एकजीव होईपर्यंत घोटत राहिल्या. मनातून त्यांना बरंच वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. धाकट्या लेकाचं एकदाचं कुठंतरी बूड टेकावं असं त्यांनाही वाटत होतं. फक्त हे असं चोरून टेकवायचं म्हणजे जरा अवघड होतं.

शिवानंदच्या नोकऱ्या हा घरातला जुना विषय होता. लातूरहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आला तेव्हा माणिकप्पांनी गल्लीत पेढे वाटले होते. मग तो लोहाऱ्यात टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवू लागला, क्लास बंद पडला. पुण्याला कुठल्याशा कंपनीत रात्रभर फोन उचलायचं काम केलं, तिथून वजन घालवून परत आला. साखर कारखान्याच्या काट्यावर बसला. गफारच्या दुकानात मोबाईल दुरुस्त केले. फ्लेक्स छापले, त्यात वाढदिवसाच्या पोरांचे चेहरे गोरे करण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. शेवटी लोहाऱ्याला भाड्याची जागा घेऊन सेवा केंद्र टाकलं, दाखले, अर्ज, पीकविमा. आणि दोन वर्षांपूर्वी हायस्कूलमध्ये आठवी-नववीला कॉम्प्युटर शिकवायला लागला, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि उन्हाळ्यात घरी बसा. सेवा केंद्र तेव्हापासून त्याची बायको अर्पिता सांभाळत होती.

दरवेळी नवं काम लागलं की माणिकप्पा एकच विचारायचे, "कायम हाय का?" स्वतः ते कित्येक वर्षं बदली कामगार म्हणून उमरगा डेपोच्या बाकड्यावर ड्युटीची वाट बघत बसलेले. कायमचा हुकूम हातात आला त्या दिवशी हा माणूस घरी येऊन ढसाढसा रडला होता, हे प्रेमाबाईंनी पाहिलं होतं. म्हणून त्या प्रश्नाला त्या कधी हसल्या नाहीत.

आता त्याच हायस्कूलचा क्लार्क निवृत्त होत होता. जागेला वरून मान्यता आली होती. जागा कायम होती. अध्यक्ष बलभीमरावांनी शिवानंदला बोलावून सांगितलं होतं, जाहिरात निघेल, मुलाखती होतील, पण तुम्ही हो म्हणा, बाकीचं आम्ही बघतो. एकच अट होती. क्लार्क झाल्यावर तास घ्यायचे नाहीत. शिवानंदने येळवशीपर्यंत मुदत मागितली होती. आणि आज येळवस होती.

*

शेतातल्या कामाची शिवकन्याला सवय होती, घरातल्या राजकारणाची त्याहून जास्त. थोरल्या योगीराजची ती बायको. घरात कोण कुणाच्या बाजूला आहे ते तिला ताटात वाढताना कळायचं. आज सगळे एकाच बाजूला आहेत असं तिला वाटत होतं. सासरे, नवरा, सासूबाई, सगळ्यांनाच शिवानंद क्लार्क व्हायला हवा होता. तिलाही हवा होता. दीर कायम झाला की निदान सणावाराला तोच तो विषय निघणार नाही.

ज्वारी कमरेच्या वर आली होती. कडब्याच्या पेंढ्यांची कोप योगीराजने कालच उभी केली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, ओळीत बसले होते, आणि कोपीवर सासूबाईंची नवी शाल पांघरली होती. अर्पिता पाट्या उतरवून घेत होती. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, धपाटे, आंबिलीचं मडकं. धपाट्यांच्या पाटीत हात घालताना ती एकदम थांबली.

"अक्का, हे काय?"

शिवकन्याने वाकून बघितलं. धपाट्यांच्या फडक्याखाली कोरा टॉवेल, कोरी टोपी आणि सोललेला नारळ.

"आहेर की ग. अध्यक्षांना. अप्पांनी ठेवायला लावला."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हंजे? भावजींना चिकटिवलं त्याबद्दल."

अर्पिताने फडकं पुन्हा नीट झाकलं. चेहरा उतरलाच तिचा. तिला वाटलं असेल, नवऱ्याने आपल्याला न सांगता होकार कळवला. शिवकन्याला तिची दया आली.

"तुला म्हायती नव्हतं का?"

"यांना तरी माहीत आहे का?" अर्पिता तुळजापूरची, बी.कॉम. झालेली, तिचं बोलणं घरात जरा वेगळं पडायचं.

"न्हाय वाटतं. अप्पांनी परस्पर व्हय म्हणलं. आगं, बरंच केलं की. तुला पण सुटका. दिवसभर त्या केंद्रात लोकांचे अंगठे घेत बसतीस."

"मला अंगठे घ्यायचा कंटाळा नाही, अक्का," अर्पिता म्हणाली आणि पत्रावळ्या मोजायला लागली. दोनदा मोजून तिचा आकडा चुकला. शिवकन्याने ते पाहिलं आणि नवऱ्याच्या काळजीने बाई बावचळली, असा सोयीचा अर्थ लावून मोकळी झाली.

*

बांधावरच्या आंब्यावर चढून योगीराज झोपाळ्याचा दोर बांधत होता आणि शिवानंद खालून दोर ओढून बघत होता. दोघा भावांचं असं काही काम एकत्र करताना बरं जमायचं. बोलायला लागले की बिघडायचं.

"अध्यक्ष येतोय," योगीराज फांदीवरून म्हणाला.

"कोण अध्यक्ष?"

"तुझा. बलभीमराव. अप्पांनी बोलिवलाय."

शिवानंदने दोर सोडला. "कशाला?"

"तू व्हय म्हणलास म्हणून."

"म्या कवा व्हय म्हणलं?"

योगीराज खाली उतरला. हात झटकत त्याने धाकट्याकडे बघितलं. "अप्पांनी शब्द दिलाय, शिवा. आता उगं फाटे फोडू नगंस. तुला कळत न्हाय का, घरबसल्या कायमची जागा चालून आलीय. लोक लातूर-सोलापूरला चपला झिजवत्यात."

"दादा, मला तास पायजेत."

"तास! आठवड्याला धा-बारा तास. त्यात निम्मे कॉम्प्युटर चालू व्हत न्हाईत, तूच म्हणत व्हतास."

"आता व्हत्यात. म्या केले चालू."

"कुणी सांगितलं व्हतं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. शिवानंद रुजू झाला तेव्हा कॉम्प्युटरची खोली कुलपात होती. दसऱ्याला ती उघडायची, यंत्रांना हळद-कुंकू लागायचं, झेंडूचे हार पडायचे आणि पुन्हा प्लॅस्टिकची कव्हरं चढायची. पोरं दाराबाहेर चपला काढून देवळात आल्यासारखी हात मागे बांधून उभी राहत. हात लावू नका, बिघडेल, ही तिथली पहिली शिकवण. शिवानंदने रविवारचे रविवार घालून, गफारकडून जुने भाग आणून त्यातले बरेचसे उभे केले होते. आणि पहिल्याच तासाला पोरांना सांगितलं होतं, हात लावा, बिघडलं तर दुरुस्त करू. वर्गात अशी शांतता पसरली होती की जणू कुणीतरी शिवी दिली असावी.

"आन शाळेचं सगळं ऑनलाइन काम तूच करतोस," योगीराज म्हणाला. "मुख्याध्यापक तुला तासावरनं उठवून नेतोय म्हणतोस. मंग नावाला पण क्लार्क झालास तर काय बिघडलं?"

"तेच बिघडलं, दादा. आता निदान उठवून न्यावं लागतंय."

योगीराजला ते पटलं नाही. पण धाकटा भाऊ आज नोकरीबद्दल बोलताना खाली बघत नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

*

बलभीमराव आले ते पांढऱ्या गाडीतून, पण बांधावरून चालताना धोतराचा सोगा सावरत अगदी पाहुण्यासारखे आले. माणूस वाईट नव्हता. शाळा त्यांच्या वडिलांनी काढली होती आणि आपण ती चालवतो की शाळा आपल्याला, याचा उलगडा त्यांना अजून झाला नव्हता.

पूजा झाली. योगीराज आंबिलीचं मडकं घेऊन पुढे झाला, लिंबाच्या डहाळीने शिंपडत कोपीभोवती फिरू लागला, आणि मागून सगळे, अध्यक्षांसकट, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत फिरले. याचा नेमका अर्थ घरात कुणी छातीठोक सांगू शकत नसे. पण आवाज बारीक काढला तर माणिकप्पा मागे वळून बघायचे. शिवानंदचा आवाज आज बारीक होता.

पंगत बसली. भज्जीत गाठी नव्हत्या. बलभीमरावांनी दोनदा मागून घेतली आणि आंबील पिऊन समाधानाने मान हलवली. प्रेमाबाई त्यांना आग्रह करत होत्या, शिवकन्या आणि अर्पिता वाढत होत्या, आणि शिवानंद पत्रावळीतला उंडा कुस्करत बसला होता. वडिलांना फोनवर हो म्हणायचा काय अधिकार, याचा त्याला राग येत होता, आणि वडील ज्या हौसेने अध्यक्षांना वारा घालत होते ते बघून त्या रागाचीच लाज वाटत होती.

पाहुण्यांनी हात धुतले. माणिकप्पा उठले, कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पाटीतला टॉवेल काढून बलभीमरावांच्या खांद्यावर टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात नारळ दिला. मग त्यांना कुंकवाचं बोट लावलं.

"लेकराचं सोनं केलंत, साहेब. आता मी सुखानं डोळे मिटाय मोकळा."

"अहो, एवढं कशाला," बलभीमराव म्हणाले, पण टोपी त्यांनी नीट बसवून घेतली. "शिवानंदसरांसारखा माणूस ऑफिसात पायजेच व्हता आमाला."

आपल्याकडे आहेर झाला की बोलणं संपतं. सोयरीक असो, वाटणी असो की भांडणाचा निवाडा, टॉवेल खांद्यावर पडला की मागचं सगळं मिटलं असं धरतात. शिवानंदला हे ठाऊक होतं. गप्प बसला असता तर निभावलंही असतं. तो उठून उभा राहिला.

"साहेब, म्या व्हय म्हणलेलं न्हाय."

माणिकप्पांना आधी कळलंच नाही. "काय म्हणतोस?"

"अप्पा, मला ती जागा नको. साहेब, माफ करा. तुमी एवढं माझ्यासाठी केलंत. पण मला शिकवायचंय."

बलभीमरावांनी खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं. घेतलेला आहेर परत देता येत नाही आणि न झालेल्या कामाचा ठेवताही येत नाही. बिचाऱ्याला अशा पेचात कुठल्या शिक्षणाधिकाऱ्यानेही टाकलं नसेल.

"सर, स्पष्ट बोलू का?" ते म्हणाले. "कॉम्प्युटर दहावीला मार्कात धरत न्हाईत. पालक इंग्रजी-गणिताचं इचारत्यात. तुमच्या खोलीचं मला कुणी इचारत न्हाय. पण ऑनलाइन माहिती येळेत गेली न्हाय तर मला वरनं फोन येतोय. आता क्लार्क म्हणून दुसरा कुणी आला आन त्याला ते जमलं न्हाय, तर तुमाला पुन्हा तासावरनं उठवणारच की आमी. मंग ती खोली ठेवून काय करू? जूनपासनं ऑफिसलाच घेतो म्हणतो."

"ऐकलंस?" माणिकप्पांचा आवाज चढला. "खोली बी जाणार, जागा बी जाणार. मंग काय करणार तू? परत फ्लेक्स छापणार?"

"छापीन."

"चाळिशी आली तुझी! म्या तुझ्या वयाचा असताना..."

"अप्पा, ऐका तरी." शिवानंदने त्यांना मध्येच तोडलं. "इतकी वर्षं म्या काम केलं. कारखान्यात, दुकानात, केंद्रात. समोर माणूस यायचा आन एकच इचारायचा, झालं का? त्याला निघायची घाई, मला त्याला काढायची घाई. ह्या वर्गात पोरं इचारत्यात, कसं झालं? सर, हे कसं झालं, परत करून दावा. मला आजवर कुणी असं इचारलं नव्हतं. मला तिथं लई बरं वाटतंय, अप्पा. एवढंच हाय."

एवढं बोलून तो खाली बसला. माणिकप्पांनी मदतीला थोरल्याकडे बघितलं. "योगीराज, सांग ह्याला."

योगीराजने घसा खाकरला. सकाळी तो वडिलांच्या बाजूचा होता, हे लक्षात ठेवायला हवं.

"अप्पा, तुमचा गुडघा धरला व्हता तवा डेपोत तुमाला टेबलाचं काम दिलं व्हतं."

"त्याचं इथं काय?"

"महिन्याच्या आत साहेबाच्या पाया पडून परत गाडीवर गेलात. आई रडली, तरी गेलात. म्या इचारलं तवा म्हणलात, टेबलावर माणसं भेटत न्हाईत."

माणिकप्पांनी टोपी काढली, झटकली आणि तशीच हातात धरून उभे राहिले.

"मंग आता हे काय करायचं?" बलभीमरावांनी टॉवेलचं टोक उचलून विचारलं. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

"ती जागा मला चालेल का, साहेब?"

प्रश्न पातेल्यांच्या बाजूने आला होता. अर्पिता पळी हातात घेऊन उभी होती.

"कुणाला?" बलभीमराव म्हणाले.

"मला. मी बी.कॉम. आहे. मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास आहे. दोन वर्षं केंद्र मीच चालवते. तुमच्या शाळेची शिष्यवृत्तीची माहिती गेल्या खेपेला यांनी घरी आणली होती, ती मीच भरली."

"अर्पिता!" माणिकप्पा म्हणाले.

"जाहिरात निघणार आहे ना, साहेब? मग मी अर्ज करणार. घ्या म्हणत नाही मी, मुलाखत घ्या म्हणते. मला काम जमलं तर यांना तासावरून उठवायची गरज पडणार नाही. मग खोली ठेवा."

बलभीमरावांनी अर्पिताला उत्तर दिलं नाही. त्यांनी शिवानंदकडे बघितलं. "तुमाला चालंल का, सर?"

सगळ्यांनीच शिवानंदकडे बघितलं, माणिकप्पांनी तर आशेने. आणि खरं सांगायचं तर शिवानंदच्या ओठांवर पहिल्यांदा आलं होतं ते हेच, की मग केंद्राचं काय, घरचं काय? आत्ता एवढं मोठं भाषण ठोकलेल्या माणसाच्या मनात हेच आलं. त्याने ते गिळलं.

"मला काय इचारता साहेब? अर्ज तिचा हाय."

"नवरा-बायको एकाच शाळेत..." बलभीमराव पुटपुटले.

"मुख्याध्यापक आन त्यांची बाई हायेतच की तुमच्याकडं," योगीराज म्हणाला. शिवकन्याने पदर तोंडाला लावला.

"घरची सून हापिसात बसणार, लोक काय म्हणतील," माणिकप्पा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"केंद्रात बसतीया तवा लोक काय म्हणत्यात?" प्रेमाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "कायमचं पायजे, कायमचं पायजे म्हणून जीव खाल्लात. कुणाचं पायजे ते तुमी कवा सांगितलं व्हतं? साहेब, आंबील घ्या अजून. उनाचं जायचंय."

बलभीमरावांनी आंबील घेतली. पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी विचार केला असावा. मग अर्पिताकडे नीट वळून ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाहिरात येईल. अर्ज करा. मुलाखतीला मी एकटा नसतो, हे आधीच सांगतो. आणखी लोक येतील. तुमी त्यांच्यापेक्षा बऱ्या निघालात तर मी आडवा येणार न्हाय. तोवर खोलीला हात लावत न्हाय." टॉवेल-टोपी घालूनच ते गाडीकडे गेले. तो आहेर कशाचा ठरला, हे ज्याने त्याने आपापलं ठरवावं.

*

दुपार कलली. माणिकप्पा कोपीच्या सावलीत पाठ करून पडले होते. झोपलेले नव्हते, पण कुणी हाक मारू नये एवढी तजवीज त्यांनी केली होती. योगीराज आणि शिवकन्या भावकीतल्या शेतात भज्जी चाखायला गेले. अर्पिता विहिरीवर पातेली घासायला बसली होती. शिवानंद तिच्याजवळ जाऊन पाणी ओतू लागला.

"राग आलाय का?" त्याने विचारलं.

"कशाचा?"

"तुला न इचारता न्हाय म्हणलं म्हणून. म्या आठवडाभर भीत व्हतो. तुला वाटत असंल, ह्या माणसानं आता तरी कायम व्हावं. सांगू सांगू म्हणत राहिलं."

अर्पिता राखेने पातेलं घासत राहिली.

"आन मघाशी तू माझ्यासाठी जे केलंस..." तो म्हणाला. "वर्ग वाचावा म्हणून तू..."

"थांबा." तिने हात थांबवला. "तुमचा वर्ग वाचला तर चांगलंच आहे. पण मी त्याच्यासाठी नाही मागितली. मला ती जागा हवी होती. अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं त्या दिवसापासून हवी होती."

शिवानंदने घागर खाली ठेवली.

"तुम्ही हो म्हणू नये म्हणून मी आठवडाभर देवाला हात जोडत होते. आज पाटीत टॉवेल-टोपी बघितली तेव्हा वाटलं, संपलं."

"मंग मला बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यासाठी सोडली असती. 'तुझ्यासाठी सोडली' म्हणून जन्मभर ऐकवलं असतंत." पातेलं तिने त्याच्यापुढे सरकवलं. "आता तुम्ही तुमच्यासाठी सोडलीत, मी माझ्यासाठी मागितली. पाणी घाला."